चुंबकाचं वजन आणि स्पीकरचा जोर

भाईंदर पूर्वेला गणपतीच्या आधी मंडळांची खरेदी निघाली की स्पीकरचा निवाडा बहुतेक वेळा हाताने होतो. दुकानदार बारा इंची स्पीकर खोक्यातून काढतो, उलटा धरून मागचा चुंबक दाखवतो आणि म्हणतो, "उचलून बघा." जो जड, तो भारी. आमच्या मंडळाने अशीच एक जोडी घेतली होती. खोक्यावर मोठ्या अक्षरांत वॉट छापलेले होते आणि चुंबक दोन हातांनी धरावा लागे. अनंत चतुर्दशीला जेसल पार्कच्या रस्त्यावर, मिरवणूक अर्ध्यावर असताना, दोन्ही स्पीकर एकापाठोपाठ गप्प झाले. दुसऱ्या दिवशी ते उघडले तेव्हा कॉइल काळी पडलेली आणि तिचा फॉर्मर, म्हणजे तार गुंडाळलेली नळी, फुगून चुंबकाच्या फटीत अडकलेला दिसला. चुंबकावरचं रबरी टोपण काढलं, तर आतला चुंबक टोपणाच्या मानाने बराच लहान निघाला. उरलेलं वजन निव्वळ पोलादाचं होतं.

तेव्हापासून एक प्रश्न मी सोडलेला नाही. स्पीकरचा दर्जा नेमका कशावरून ओळखायचा? त्याला तीन उत्तरं मिळतात. चुंबक पाहणारे एका बाजूला, कानावर भिस्त ठेवणारे दुसऱ्या बाजूला आणि मोजमापाचा कागद मागणारे तिसऱ्या. माझा कल तिसऱ्यांकडे आहे, पण त्यांच्यातही एकमत नाही, आणि ते मतभेद समजून घेण्याजोगे आहेत.

आधी यंत्राकडे पाहू. आज आपण वापरतो तो फिरत्या कॉइलचा स्पीकर १९२५ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमधल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी रूपाला आणला. मूळ रचना तेव्हापासून फारशी बदललेली नाही. चुंबक, पुढची प्लेट आणि मधला खांब मिळून एक अरुंद गोल फट तयार होते. त्या फटीत तारेची कॉइल तरंगत असते आणि कॉइलला कागदाचा कोन चिकटवलेला असतो. कॉइलमधून वीज गेली की तिच्यावर जोर येतो आणि कोन पुढेमागे हलतो. हा जोर किती, ते दोन गोष्टींवर ठरतं. एक, फटीतल्या चुंबकीय क्षेत्राची तीव्रता, म्हणजे बी. दुसरी, त्या क्षेत्रात असलेल्या तारेची लांबी, म्हणजे एल. त्यांचा गुणाकार तो बीएल. फटीत १.२ टेस्ला क्षेत्र असेल आणि त्यात १५ मीटर तार बसली असेल तर बीएल १८ होतो, म्हणजे एका अँपिअरला १८ न्यूटन. आपल्या रोजच्या भाषेत, एक अँपिअर सोडला की कोनावर पावणेदोन किलोहून जास्त जोर.

स्पीकरची मोटर म्हणतात ती हीच. चुंबकाचं वजन आणि मोटरची ताकद यांच्यात गल्लत होते ती इथे. चुंबक दुप्पट केला म्हणून फटीतलं क्षेत्र दुप्पट होत नाही. प्लेट आणि खांब पोलादाचे असतात, आणि पोलादाची चुंबकत्व पेलण्याची हद्द दोन टेस्लाच्या आसपास संपते. त्याआधीच बराच चुंबकीय प्रवाह फटीबाहेर गळू लागतो. खांब बारीक असेल, प्लेट पातळ असेल किंवा फट रुंद ठेवली असेल, तर कितीही मोठा चुंबक लावा, पैसा पाण्यात. उलट निओडिमियमची लहानशी चकती मोठ्या, नेहमीच्या फेराइट चुंबकाच्या बरोबरीचं काम करते. हा चुंबक १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या सुमितोमोत आणि अमेरिकेच्या जनरल मोटर्समध्ये स्वतंत्रपणे विकसित झाला. त्याहून आधी कोबाल्ट घातलेल्या अल्निको चुंबकांचा जमाना होता. १९७०च्या दशकाच्या अखेरीस झाईरमधल्या लढाईने कोबाल्टचे भाव भडकले आणि जगभरचे कारखाने फेराइटकडे वळले. आता पुन्हा तशीच वेळ आहे. उष्णता सोसणाऱ्या निओडिमियमला लागणाऱ्या डिस्प्रोसियम, टर्बियमसारख्या धातूंवर चीनने एप्रिल २०२५ मध्ये निर्यातीचे परवाने लावले. तेव्हा "हलका आहे म्हणजे कमअस्सल" हा न्याय जुना झाला. हलका असेल तर कदाचित महाग असेल.

मग बीएलचा आकडा पाहून निवड करावी का? तोही एकटा फसवतो. त्याच चुंबकावर, त्याच फटीत बारीक तारेचे जास्त वेढे घालून चार ओहमची कॉइल आठ ओहमची केली, तर बीएल सुमारे १.४ पट होतो. स्पीकर मात्र तसूभरही जास्त ताकदवान झालेला नसतो, कारण तारेचा रोधही दुप्पट झालेला असतो. म्हणून जाणकार बीएलचा वर्ग करून त्याला कॉइलच्या रोधाने, म्हणजे आरईने भागतात. एक वॉट उष्णतेच्या मोबदल्यात मोटर किती जोर देते, याचा हा खरा भाव. चार ओहम, आठ ओहम, जाड तार, बारीक तार, सगळे इथे एका पातळीवर येतात.

दोन बारा इंची स्पीकर घ्या. कोनाचं क्षेत्रफळ दोघांचं ५३० चौरस सेंटिमीटर, हलणारं वजन ६० ग्रॅम, रोध ५.६ ओहम. पहिल्याचा बीएल १८, दुसऱ्याचा १२. पहिल्याची मोटर ५७.९ भरते, दुसऱ्याची २५.७. हे आकडे कार्यक्षमतेच्या सूत्रात घातले तर पहिला विजेचं सुमारे अडीच टक्के आवाजात रूपांतर करतो, दुसरा जेमतेम एक टक्का. एका वॉटला एक मीटरवर पहिला ९६ डेसिबल देतो, दुसरा ९२.५. साडेतीन डेसिबल ऐकायला किरकोळ वाटतात. पण पहिला १०० वॉटला जेवढा वाजतो तेवढं वाजायला दुसऱ्याला २२५ वॉट लागतात, आणि ते जवळजवळ सगळे उष्णता होऊन कॉइलमध्ये जिरतात. आमच्या जोडीची कॉइल का जळाली, त्याचं उत्तर मला या गणितात सापडलं.

मोटर जोरदार असण्याला आपल्याकडे जुना इतिहास आहे. स्वातंत्र्यलढ्यातल्या सभांना मुंबईच्या शिकागो रेडिओचे कर्णे लागत. नानिक मोटवाने काँग्रेसच्या अधिवेशनांना आणि गांधीजींच्या सभांना ध्वनिव्यवस्था पुरवत. १९४२च्या गुप्त काँग्रेस रेडिओच्या प्रकरणात त्यांना अटकही झाली. त्या काळातले व्हॉल्व्हचे अँप्लिफायर आजच्या मानाने अगदी थोडे वॉट देत. तेवढ्यावर हजारोंच्या सभेला ऐकू जायचं तर एकेका वॉटचा हिशेब लागे. म्हणून जबर चुंबकाचा युनिट आणि पुढे कर्णा. पुढे वॉट स्वस्त झाले आणि ही काटकसर विसरली गेली.

या सगळ्याला शिस्त लावली ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी. नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं, की स्पीकर आणि पेटी मिळून खालच्या सुरांत काय करतील, हे मोजक्या आकड्यांवरून आधीच सांगता येतं. कोनाची स्वतःची कंपनसंख्या, हलणारं वजन, लवचीकता, बीएल, रोध. आमच्याकडे सुतार दुसऱ्याची पेटी पाहून तशीच ठोकतो, आत स्पीकर मात्र वेगळा असतो. मग बेस घुमतो किंवा बसतो. वरच्या उदाहरणात दोन्ही कोनांची कंपनसंख्या ५० हर्ट्झ धरली, तर पहिल्याचा विद्युत दमनाचा आकडा (जितका कमी, तितका कोनावर मोटरचा लगाम घट्ट) ०.३३ येतो आणि दुसऱ्याचा ०.७३. पहिल्याला छिद्राची पेटी शोभते. दुसऱ्याला त्याच पेटीत घातलं, तर ढोलाचा प्रत्येक ठोका मागे शेपूट लावून येईल.

इथे मोटरप्रेमींनाही एक गोष्ट सांगायला हवी. मोटर जितकी जोरदार तितका स्पीकर चांगला, हेही खरं नाही. मोटर फार जोरदार असेल तर तीच कोनाला ब्रेक लावते. मधले सूर वर येतात आणि खालचे मागे पडतात. कर्ण्यात किंवा कर्ण्यासारख्या पेटीत अशी मोटर हवीच. घरातल्या लहान बंद पेटीत मात्र ती बेस खाऊन टाकते.

याहून मोठी गोष्ट पुढची. बीएलचा छापील आकडा कॉइल मधोमध उभी असतानाचा असतो. वाजताना ती मधोमध थांबत नाही. कोन पुढे गेला की कॉइलचे काही वेढे फटीबाहेर जातात आणि जोर घटतो. मागे गेला की पुन्हा घटतो, आणि दोन्हीकडे सारखाच घटेल असंही नाही. जोराची ही घसरण म्हणजेच फाटका आवाज. जर्मनीत ड्रेस्डेनच्या वोल्फगांग क्लिपेल यांनी १९९७ साली कंपनी काढून ही घसरण मोजणारी यंत्रं कारखान्यांना दिली, आणि माझ्या मते थील-स्मॉलनंतरचं सर्वांत मोठं काम तेच. बीएल मधल्या किमतीच्या ८२ टक्क्यांवर आला की तिथे कोनाच्या चालीची हद्द मानायची, असा त्यांचा दंडक आहे. तिथे विकृती सुमारे दहा टक्क्यांना पोचते. सबवूफरसाठी ७० टक्क्यांपर्यंत सूट मिळते. दोन स्पीकरांचा मधला बीएल सारखा असेल, पण एकाची हद्द तीन मिलीमीटरवर आणि दुसऱ्याची सातवर असेल, तर त्यांना एका तराजूत घालणं चूक आहे.

दुसरी घसरण उष्णतेची. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्का वाढतो. कॉइल २०० अंशांनी तापली की रोध पावणेदोन पटीहून वर जातो आणि आवाज पाच डेसिबलने खाली येतो. मंडळाचा मुलगा आवाज कमी झाला म्हणून नॉब पुढे ढकलतो. कॉइल आणखी तापते. फेराइटचा चुंबकही तापला की दर अंशाला ०.२ टक्क्याने मंदावतो. फरक इतकाच, की तो गार झाल्यावर पूर्ववत होतो, आणि जास्त तापलेला निओडिमियम कायमचा ताकद गमावून बसतो. मोटरची ताकद रात्री आठला एक आणि साडेनऊला दुसरी असते, ही गोष्ट कुठल्याच खोक्यावर छापलेली नसते.

आता कानवाल्यांची बाजू, कारण ती हलकी नाही. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी १९८०च्या दशकात आणि नंतर हार्मनमध्ये शॉन ऑलिव्ह यांनी पडद्याआड स्पीकर ठेवून शेकडो माणसांना ऐकवलं. २००४ साली ऑलिव्ह यांनी ७० स्पीकरांच्या मोजमापांवरून लोकांची पसंती आधीच वर्तवली. प्रत्यक्ष पसंतीशी त्या अंदाजाचा सहसंबंध ०.८६ निघाला. त्या मोजमापांत मोटरची ताकद कुठेच नव्हती. समोरचा प्रतिसाद किती सपाट, बाजूंना जाणारा आवाज किती एकसारखा उतरतो आणि बेस किती खोल जातो, एवढंच होतं. अर्ल गेडेस आणि लिडिया ली यांनी २००३ मध्ये असंही दाखवलं, की एकूण विकृतीचा टक्का आणि कानाला होणारा त्रास यांचा मेळ फारसा बसत नाही. मी यातून एवढंच घेतो, की मोटर पाहून चाल, तापमान आणि काटकसर कळेल, पण गोडवा कळणार नाही. त्यासाठी प्रतिसादाचा आलेखच हवा. ज्याच्याकडे आलेख नाही, त्याच्या चुंबकाकडे मी पाहत नाही.

खोक्यावरच्या वॉटचं एकदाच सांगून टाकतो. अमेरिकेच्या ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीची १९८४ची चाचणी दोन तास चालते, आणि तिच्यात ५०० वॉट पास झालेल्या स्पीकरवर कारखानदार "प्रोग्राम" १०००, "पीक" २००० असं लिहू शकतो. काही खोक्यांवर छापतात त्या पीएमपीओ नावाच्या वॉटच्या आकड्याला कसलंच मानक नाही. आणि चार ओहमचा स्पीकर २.८३ व्होल्टवर मोजला, तर त्याला एक नव्हे, दोन वॉट मिळतात आणि कागदावर तीन डेसिबल फुकट चढतात.

आमच्या भागात आणखी एक अडचण आहे, ती मोजमापाच्या पुस्तकांत नसते. एका अंगाला वसईची खाडी, दुसऱ्या अंगाला मिठागरं आणि उत्तनचा समुद्र. पावसाळाभर माळ्यावर पडलेल्या स्पीकरच्या फटीत गंज धरतो आणि कॉइल घासू लागते. मग दुरुस्ती, म्हणजे नवा कोन, नवी कॉइल. चुंबक तोच असल्याने "स्पीकर जुनाच आहे" असं वाटतं, पण कॉइलचे वेढे बदलले, तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार आली, कोन पंधरा ग्रॅमने जड झाला, की मोटर आणि वजन दोन्हींचा हिशेब बदलला. जोडीतला एकच दुरुस्त केला असेल, तर डावा-उजवा जुळत नाहीत, आणि कुणाला कारण कळत नाही.

नवघर रोडवरच्या एका दुरुस्तीच्या दुकानात मी ही तपासणी स्वतः करून पाहिली. क्लिपेलचं यंत्र तिथे कुठून असणार? पण स्पीकरचा जोर मोजायला तेवढं लागतही नाही. स्पीकर तोंड वर करून दोन विटांवर ठेवला, म्हणजे मागचं छिद्र मोकळं राहिलं. कोनाशेजारी सुई उभी करून जागा पक्की केली. मग एक किलो तांदळाची पिशवी हलकेच कोनाच्या मध्यावर ठेवली. कोन पावणेदोन मिलीमीटर खाली गेला.

"दादा, वजनं आहेत की माझ्याकडे," दुकानवाला म्हणाला.

"लोखंडी आहेत ना? चुंबक ओढेल. तांदूळच बरा."

मग बाकावरच्या पॉवर सप्लायने हळूहळू करंट वाढवला, मीटरवर नजर ठेवून. कोन पुन्हा सुईच्या टोकाला आला तेव्हा मीटरने ५४५ मिलीअँपिअर दाखवले. एक किलो म्हणजे ९.८१ न्यूटन. भागाकार केला, बीएल १८. शेजारच्या, दिसायला तसल्याच आणि चुंबकाने थोड्या मोठ्या स्पीकरला तेच तांदूळ उचलायला ८१७ मिलीअँपिअर लागले. बीएल १२. दुकानवाल्याने दोन्ही पुन्हा एकदा हातात घेऊन पाहिले.

पुढची पायरी मला जास्त आवडते. तांदळाशिवाय कोन करंटने सहा मिलीमीटर वर उचलायचा आणि आकडा लिहायचा. मग तांदूळ ठेवून त्याच उंचीला पुन्हा आणायचा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे त्या जागी एक किलो पेलायला लागणारा करंट. कोनाच्या कडेचा आणि कॉइलला मधोमध धरणाऱ्या स्पायडरचा ताण दोन्ही वेळा सारखा, म्हणून तो आपोआप वजा होतो. पहिल्या स्पीकरला हा फरक ६६५ मिलीअँपिअर आला, म्हणजे बीएल १४.७५, मधल्या किमतीच्या ८२ टक्के. पुढच्या बाजूला त्याची हद्द सहा मिलीमीटर. हे काम झटपट उरकायचं, कारण कॉइलमध्ये पन्नासएक वॉट जिरत असतात.

हलणारं वजनही असंच सापडतं. कोनाची कंपनसंख्या मोजायची, मग कोनावर २० ग्रॅम चिकणमाती दाबून पुन्हा मोजायची. ५०ची ४३.३ झाली तर मूळ वजन ६० ग्रॅम. माती सोनाराच्या काट्यावर तोलावी. नाणी चिकटवू नयेत, एक-दोन रुपयांची स्टीलची नाणी चुंबकाकडे खेचली जातात. कंपनसंख्येसाठी संगणकावर आरईडब्ल्यू हा फुकट मिळणारा प्रोग्राम, एक रोध आणि साधं साउंड कार्ड पुरतं. प्रतिसादाचा आलेख काढायला मात्र मोजमापाचा मायक्रोफोन घ्यावा लागेल. चार मंडळांनी मिळून एक घेतला तरी चालेल.

एवढं कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी एक हिशेब. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर स्पीकरचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा दहाने जास्त, किंवा ७५, यांतलं जे कमी असेल त्याच्या वर जाऊ नये. म्हणजे आपल्या सोसायट्यांच्या वस्तीत ६५. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये हे नियम काटेकोर पाळण्याचे आदेश दिले. आता ९६ डेसिबलचा आपला स्पीकर घ्या. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल उतरतात. सोळा मीटरवर, म्हणजे लहानशा आवाराच्या कुंपणावर, एका वॉटचे ७२ उरतात. कायद्यात बसायचं तर ०.२ वॉट. टाळ-ढोलकीच्या ठोक्यांना दसपट जागा ठेवली तरी दोन वॉट. डेसिबलचं सरकारी माप खोल बेस कमी धरतं, ६३ हर्ट्झला तब्बल २६ डेसिबलने, म्हणून बेसच्या पेट्या या हिशेबातून निसटतात आणि शेजाऱ्यांच्या भिंती हलवतात. पण आरती, कीर्तन, भाषण यांचा आवाज मधल्या पट्ट्यातला, आणि त्यांना हा हिशेब जवळजवळ जसाच्या तसा लागू आहे.

दोन वॉटांत शब्द न् शब्द स्पष्ट ऐकू यावा, यासाठी सपाट प्रतिसादाचा, जोरदार मोटरचा एक स्पीकर पुरतो, आणि तो हजार वॉटच्या कळकट जोडीपेक्षा बहुधा स्वस्त पडतो. मंडळांच्या खजिनदारांना माझी विनंती आहे. यंदा दुकानात गेलात तर बीएल, रोध, हलणारं वजन आणि कोनाची चाल हे चार आकडे आणि प्रतिसादाचा आलेख लेखी मागा, आणि पावतीवर ते आकडे उतरवून घ्या. देत नसतील, तर एक किलो तांदूळ आणि मीटर बरोबर न्या.